वाघ नाही, लाईन दुरुस्त

उर्वशीची अट ऐकायला सोपी होती. गुणवंतरावांच्या अंगणाचं चित्र पुण्यात तिच्या मोबाईलवर दिसलं पाहिजे. सोमवार ते गुरुवार चार दिवस बाबांचे, काय ठोकाठोकी करायची ती करावी. शुक्रवार आणि शनिवार तिचे. त्या दोन दिवसांत सकाळी सहापासून संध्याकाळी सातपर्यंत चित्र एकदाही जाता कामा नये. नाही गेलं, तर बाबांनी सावली गावातल्या आपल्या घरात खुशाल एकटं राहावं. गेलं, तर रविवारी ती येणारच होती, मंगळवारी परत जाताना बाबांना सोबत नेणार. परतीची तिकिटं तिनं काढून ठेवली होती. दोन.

"दोन काऊन काढली?" गुणवंतरावांनी विचारलं.

"एक रद्द करता येते, बाबा. ऐन वेळी काढता येत नाई."

पोरगी आईवर गेली होती.

या अटीमागे तांदळाची कोठी होती. एका गुरुवारी तांदूळ काढायला गुणवंतराव कोठीत वाकले आणि सदऱ्याच्या खिशातला फोन आत पडला. तो पडला हे त्यांना कळलं नाही. उर्वशीचे अकरा फोन तांदळात वाजले. मग तिनं शेजारच्या धनराजला लावला, समोरच्या बाबूभाईंना लावला, आणि सावलीतल्या ज्या ज्या माणसाचा नंबर तिच्याकडे होता त्या सगळ्यांना लावला. दुपारी दोन वाजता चौदा माणसं अंगणात उभी होती. एकानं खाट आणली होती, लागली तर असावी म्हणून. गुणवंतराव आत त्याच कोठीतल्या तांदळाचा भात आणि वरण खात होते. इतकी माणसं बघून त्यांना वाटलं, गावात कोणी तरी गेलं.

खरं म्हणजे पुण्याला जाण्यात काही वाईट नव्हतं. जावई चांगला होता, चौथ्या मजल्याला लिफ्ट होती. पण उर्वशीची आई, इंदुताई, ऑगस्टमध्ये याच घरात वारल्या होत्या, आणि या घराला कुलूप लावायचं ही गोष्ट गुणवंतरावांच्या डोक्यात बसत नव्हती. का बसत नव्हती ते त्यांना सांगता येत नसे. कोणी विचारलं की ते म्हणत, "पुण्याचं पाणी मले सोसत नाई."

"रेडिमेड कॅमेरा पाठवते," उर्वशी म्हणाली होती. "भिंतीले लावा, झालं."

हे मात्र गुणवंतरावांना लागलं. चौतीस वर्षं ते टेलिफोनच्या एक्स्चेंजात मेकॅनिक होते. अर्ध्या तालुक्याची लग्नं त्यांनी जोडलेल्या वायरीवरून ठरली होती. त्या माणसाने आपल्या अंगणाचं चित्र दुसऱ्याने बनवलेल्या डब्यातून पाठवायचं? ते एसटीने नागपूरला गेले आणि सामान घेऊन आले. एक बोटाएवढा कॅमेरा, त्याच्यापासून निघणारी वीस मीटर वायर, वायरीतून आलेलं चित्र उतरवून घेणारा डब्बा, आणि तळहातावर मावणारा कॉम्प्युटर.

सामान अंगणात मांडताच सल्ले सुरू झाले. धनराज म्हणाला, कॅमेरा फाटकाकडे लावा, चोर दिसन. बाबूभाईंचं समोरच मोटर-कूलर वाइंडिंगचं दुकान. ते म्हणाले, "गुणवंतभाऊ, थोडा इकडे फिरवा. गिऱ्हाईक आलं का नाई, मी जेवता जेवता पाहत जाईन." गुणवंतरावांनी कोणाचं ऐकलं नाही. न्हाणीच्या भिंतीवर कॅमेरा बसवला, तिथून त्यांची उन्हातली खुर्ची आणि पूर्ण अंगण दिसे.

वायर मधल्या खोलीत न्यायची होती. सरळ रस्ता वालाच्या मांडवातून होता. वेल मांडवभर पसरला होता, शेंगा धरल्या होत्या. वायर न्यायची तर हातभर वेल कापावा लागला असता. गुणवंतराव कात्री घेऊन मांडवाखाली थोडा वेळ उभे राहिले. मग कात्री खिशात टाकली आणि वायर मागून फिरवली. बोअरच्या मोटरीजवळून, तिच्या पाइपाला बांधून, स्वयंपाकघराच्या खिडकीतून आत. वीस मीटर पुरली नाही, आणखी पाच जोडली. हा वळसा का, हे कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर तयार होतं: इकडची जागा कोरडी आहे.

रविवारी संध्याकाळी चित्र सुरू झालं. पुण्यातून उर्वशी म्हणाली, "दिसता, बाबा. दाढी करा." गुणवंतरावांना आपण पुन्हा नोकरीवर लागल्यासारखं वाटलं.

सोमवारी सकाळी सातला चित्र गेलं.

आता इथे बोअरबद्दल सांगितलं पाहिजे. बोअर धनराज आणि गुणवंतराव दोघांच्या सामाईकीत होता. मोटर गुणवंतरावांच्या कुंपणात, पण विजेचं मीटर धनराजचं, म्हणून बटण धनराजच्या ओसरीवर. वीस वर्षांपूर्वी दोघांच्या बायकांनी ही व्यवस्था ठरवली होती आणि ती कधी बिघडली नाही. धनराज सकाळी सातला आणि दुपारी सव्वाचारला मोटर लावे आणि दोघांच्या टाक्या भरत.

तर सोमवारी सातला धनराजनं बटण दाबलं. दोन मिनिटांत त्याला पुण्याचा फोन आला. "काका, चित्र गेलं. बाबाले पाहा ना." धनराज मोटर तशीच चालू ठेवून बनियानवर धावत आला. गुणवंतराव चहा पीत होते.

"बरे आहा?"

"मले काय झालं?"

"चित्र गेलं म्हणते उर्वशी."

धनराजनं कॅमेऱ्याला हात लावून पाहिला, डब्ब्यावर दोन टपल्या मारल्या आणि घरी गेला. टाकी भरली होती म्हणून मोटर बंद केली. चित्र आलं.

"पाह्यलं?" धनराज कुंपणावरून ओरडला. "माह्या हातानं आलं!"

सव्वाचारला तेच झालं. फोन, बनियान, टपल्या, घरी जाणं, चित्र येणं. रात्रीपर्यंत धनराजच्या हाताचा गुण गावभर झाला. एक बाई बंद पडलेला मिक्सर घेऊन त्याच्याकडे आली.

गुणवंतरावांनी डब्ब्याचं झाकण तीनदा उघडून लावलं. डब्बा चित्र मध्येच सोडत होता, मग स्वतःला बंद करून पुन्हा चालू करत होता, त्यात तीन मिनिटं जात, आणि वर येताच पुन्हा बसत होता. बाबूभाई म्हणाले, स्टॅबिलायझर लावा. धनराजच्या बायकोनं लिंबू-मिरची पाठवली. गुणवंतरावांनी लिंबू वरणात पिळलं.

मंगळवारचा दिवस मात्र त्यांच्या अब्रूवरच आला.

थंडी होती. त्यांनी पिवळा रग उन्हात खुर्चीवर टाकला आणि ते न्हाणीत गेले. सातला धनराजनं मोटर लावली. या वेळी डब्बा बसण्याआधी एक शेवटचं चित्र पुण्याला गेलं. चित्राच्या ओळी तुटल्या होत्या, मध्ये मध्ये काळे पट्टे आले होते. ते पट्टे नेमके पिवळ्या रगावरून गेले. उर्वशीला खुर्चीवर वाघ बसलेला दिसला. बाबा कुठेच दिसत नव्हते.

पुण्यात कोणी हसलं असतं. पण उर्वशी सावलीची होती. वाघ अंगणात येऊ शकतो, हे तिला लहानपणापासून माहीत होतं. तिनं ते चित्र धनराजला पाठवलं. धनराजनं गावाच्या ग्रुपवर टाकलं. वीस मिनिटांत वनरक्षक दिनेश जाळी, काठ्या आणि सहा माणसं घेऊन फाटकाशी हजर झाला, आणि मागे गाव.

"काका!" दिनेश ओरडला. "कुठी आहा?"

"न्हाणीत!"

"दार उघडू नका! हालू नका! साबण लावू नका, वास जाते!"

साबण आधीच लागला होता. गुणवंतराव तसेच बसले. पाणी गार होत गेलं. बाहेर कोणी पाइपामागे पाहत होतं, कोणी धानाच्या पोत्यांमागे. एका माणसाने रगाला लांबून काठी लावली आणि रग खुर्चीवरून घसरला. पन्नास माणसं एकदम मागे पळाली. त्यात फाटकाचं एक कवाड निघालं. सव्वा तास असा गेला. मग दिनेश म्हणाला, या बाहेर. गुणवंतराव टॉवेल गुंडाळून, अंगावर वाळलेल्या साबणासह, पूर्ण गावासमोर बाहेर आले. त्यांच्या एक्स्चेंजातला जुना लाईनमनही गर्दीत होता. त्यानं नमस्कार केला. तो नमस्कार त्यांना सगळ्यात जास्त लागला.

"सही करा इथी," दिनेशनं कागद पुढे केला.

गुणवंतरावांनी टॉवेल एका हाताने धरून कागद वाचला. त्यावर लिहिलं होतं, पथक पोहोचण्यापूर्वी वाघ निघून गेला.

"वाघ आलाच नाई तं निघून कसा गेला?"

"काका, आता फोन आला, गाडी निघाली, डिझेल जळलं. काई तरी लिहा लागते."

"मंग वाघ आला नाई असं लिही."

"त्याचा रकाना नाई."

"माह्या अंगणातून वाघ गेला असं मी लिहून देणार नाई. उद्या उर्वशी हाच कागद दाखवन आणि म्हणन, चला पुण्याले."

दिनेश चांगला माणूस होता, पण त्याच्यावरही साहेब होता. अर्धा तास वाद झाला. शेवटी गुणवंतरावांनी पेन घेतला आणि चौतीस वर्षांच्या सवयीनं शेरा मारला: 'स्थळाची तपासणी केली. वाघ नाही. लाईन दुरुस्त.' खाली सही केली. दिनेशनं वाचलं, डोकं खाजवलं आणि कागद घडी करून ठेवला. म्हणाला, "लाईन दुरुस्त हे कायले?"

"सवय आहे."

लाईन अर्थात दुरुस्त नव्हतीच. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी खोटा शेरा मारला होता, आणि तो त्यांना दिवसभर टोचत राहिला.

संध्याकाळी उर्वशीचा फोन आला. आवाज रडून बसलेला होता. "बाबा, मले वाटलं, आई गेली आणि आता तुम्ही पण. मी इकडे स्वयंपाकघरात खाली बसली. हे मले जमत नाई. चला तुम्ही."

"शुक्रवार-शनिवार बाकी आहे अजून," गुणवंतराव म्हणाले. "ठरलं ते ठरलं."

बुधवारी सकाळी ते डब्बा पिशवीत घालून बाबूभाईंच्या घरी गेले. बाबूभाईंची मुलगी नाहीद हैदराबादच्या एका कंपनीचं काम घरी बसून करत असे, आणि सध्या लेकरासह माहेरी आली होती. कॅमेऱ्याच्या चिपा चालवणारे प्रोग्राम लिहिणं हेच तिचं काम होतं. हे समोरच्या घरात गेले दोन महिने चाललं होतं. पण गुणवंतराव समोर जाऊन विचारणार कसे? चौतीस वर्षं लोक त्यांना विचारत आले होते.

नाहीदनं डब्बा आपल्या कॉम्प्युटरला जोडला आणि आतल्या नोंदी वाचायला लागली. वाचता वाचता तिनं कपाळाला हात लावला.

"काका, कॅमेरा चांगला आहे. डब्बा चांगला आहे. डब्ब्यावर देखरेख करते तो प्रोग्राम, ड्रायव्हर म्हणतात त्याले, तो येडा आहे."

"सांग."

"कॅमेरा चित्र एकदम नाई पाठवत. एक एक ओळ पाठवते, आणि ओळीच्या शेवटी तिची बेरीज. डब्बा आपली बेरीज करून पाह्यते. जुळली नाई का घंटी वाजवते. घंटी वाजली का ड्रायव्हर हातातलं काम सोडून धावते. इथपर्यंत बरोबर. पण हा ड्रायव्हर धावते, पाह्यते, आणि घंटी बंद न करताच परत येते. बसते न बसते तं घंटी वाजूनच राह्यली. पुन्हा धावते. दिवसभर धावतच राह्यते. चित्राचं काम कोण करन?"

"म्हणजे धनराज," गुणवंतराव म्हणाले.

नाहीद हसली. "आणि एक ओळ चुकली तरी हा पूर्ण दुकान बंद करते. शटर पाडा, दिवे घालवा, पुन्हा शटर उचला. तीन मिनिटं त्यात."

गुणवंतराव खुर्चीत पुढे सरकले. हे सगळं त्यांच्या ओळखीचं होतं. "आमच्या एक्स्चेंजात पोरगं नवीन लागलं का पहिले हेच शिकवावं लागे. घंटी वाजली का आधी घंटी बंद कर, मंग फॉल्ट पाह्य. घंटी चालू ठेवून कोणाचंच डोकं चालत नाई. आणि अलार्म दोन असत. मायनर आणि मेजर. मायनरले पिवळा दिवा. रजिस्टरात लिहायचं आणि कामाले लागायचं. मेजरले लाल दिवा आणि घंटी. मायनरसाठी कोणी साहेबाले उठवत नाई."

"बस, काका. हेच लिहिते मी."

दिवसभर तिनं लिहिलं. गुणवंतराव शेजारी बसून तिच्या लेकराला सांभाळत, मधून मधून "घंटी बंद केली का?" विचारत राहिले. आता चुकलेली ओळ आली की ड्रायव्हर घंटी बंद करणार, रजिस्टरात एक आकडा वाढवणार, ते चित्र फेकून देणार आणि त्याच्या जागी आधीचं चांगलं चित्र दाखवणार. संध्याकाळी डब्बा जागेवर बसवला. गुरुवारी सकाळी सातला गुणवंतराव खुर्चीवर येऊन बसले आणि धनराजनं मोटर लावली. फोन आला नाही. साडेसातलाही आला नाही. गुणवंतरावांनी दाढी केली, स्वेटर घातला आणि मोठ्या रुबाबात बाजारात गेले.

अकरा वाजता भाजीच्या दुकानासमोर फोन वाजला.

"बाबा, आज चित्र मस्त आहे!" उर्वशी खूश होती. "चार तास झाले, एकदाही नाई गेलं. तुम्ही पण किती शांत बसले आहा खुर्चीवर. हललेच नाई."

तेवढ्यात मागून ट्रकनं हॉर्न दिला.

"बाबा. अंगणात ट्रक कुठून आला?"

गुणवंतरावांच्या हातातली वांगी पिशवीत न पडता खाली पडली.

पुढचं बोलणं छोटं होतं. "म्हणजे मी चार तास जुना फोटो पाहून राह्यली," उर्वशी म्हणाली. "तुम्ही आत पडून राह्यले असते तरी मले खुर्चीवरच दिसले असते. बाबा, चित्र गेलेलं परवडलं. असं नाई परवडत." आणि फोन ठेवला.

ती बरोबर होती, हे गुणवंतरावांनाही कळत होतं. ते सरळ नाहीदच्या दारात गेले. नाहीदनं नोंदी पाहिल्या आणि म्हणाली, "चूक माझी आहे, काका. सातला इतक्या ओळी चुकल्या का डब्ब्याचा ताल सुटला. मंग ओळी येणंच बंद झालं. ओळ चुकली तं घंटी वाजते. ओळ आलीच नाई तं घंटी कोण वाजवन?"

"त्याले पाळत ठेवा लागते," गुणवंतराव म्हणाले. "दर अर्ध्या तासानं आम्ही स्वतः लाईन उचलून पाहत असू. घंटी वाजो का न वाजो."

"हाव. दोन सेकंद नवीन चित्र आलं नाई तं फक्त डब्बा हलवून पुन्हा तालावर आणायचा. पूर्ण दुकान नाई बंद करायचं. तीनदा हलवून नाई जमलं तं मेजर. मंग पडद्यावर सरळ लिहायचं, चित्र नाही. आणि कोपऱ्यात घड्याळ टाकते, सेकंदासकट. जुनं चित्र असन तं घड्याळ सांगन." तिनं नोंदींवर बोट ठेवलं. "पण काका, हे पाहा. चुकलेल्या ओळींचे टाइम. सात, सव्वाचार. सात, सव्वाचार. रोज."

गुणवंतरावांनी पाहिलं. मागे दारात बाबूभाई उभे होते, ते म्हणाले, "ये तो धनराजच्या मोटरीचा टाइम आहे."

"मोटर चालू झाली का वायरीत गडबड," नाहीद म्हणाली.

"माझी वाइंडिंग आहे त्या मोटरीची!" बाबूभाई भडकले. "दहा वर्षं झाली, कधी गरम नाई झाली! माझ्या मोटरीचं नाव नको घेऊ!"

"अब्बा, मोटर चांगलीच आहे. वायर पाइपावरच्या तिच्या लाईटीच्या वायरीले चिपकून गेली आहे." ती गुणवंतरावांकडे वळली. "काका, तुम्ही तं टेलिफोनचे. लाईटीच्या वायरीजवळून आपली वायर नेऊ नाई, हे तुम्हाले मी सांगावं?"

हे सांगायची गरज नव्हतीच. याच गोष्टीवरून त्यांनी तीन लाईनमनना मेमो दिले होते. रविवारी मोटरीच्या पाइपाला पहिली गाठ मारतानाच त्यांना माहीत होतं. सोमवारी धनराज बनियानवर धावत आला तेव्हाही माहीत होतं. एवढ्यानं काय होते, असं ते स्वतःलाच सांगत राहिले, जसं ते तीन लाईनमन सांगत.

"दुसरा रस्ता वालाच्या मांडवातून आहे," ते म्हणाले. "वेल कापा लागते."

"मंग काय झालं? वाल आहे, पुन्हा—" बाबूभाई म्हणायला लागले आणि थांबले. बी इंदुताईंनी टोबलं होतं, जूनमध्ये, हे त्यांना आठवलं. त्या वेळी त्यांच्याच बायकोनं, शमीमभाभीनं, बी दिलं होतं. बाबूभाई डोक्यावरची टोपी उगीच काढून पुन्हा घालत बसले.

नाहीद कॉम्प्युटरकडे वळली. "वायर आहे तिथीच राहू द्या," ती म्हणाली. "गडबड येणारच असं धरून लिहिते."

दुपारभर चाचणी चालली. नाहीद मधल्या खोलीच्या खिडकीत, गुणवंतराव अंगणात, धनराज ओसरीवर बटणाशी.

"चालू!" नाहीद ओरडे.

"चालू!" गुणवंतराव कुंपणाकडे ओरडत.

"केली!" धनराज. आणि सवयीनं पळत येऊन, "काय झालं? गेलं का?"

"तू जागेवर राह्य ना लेका!"

तीस वेळा मोटर चालू-बंद झाली. दोन्ही टाक्या ओसंडून रस्त्यावर चिखल झाला. एकतिसाव्या वेळी मोटर चालू असताना चित्र एक क्षण थबकलं आणि पुढे चालायला लागलं. कोपऱ्यात सेकंद पळत होते.

"मायनर दोनशे चार," नाहीद म्हणाली. "मेजर शून्य."

धनराजला मात्र थोडं वाईट वाटलं. त्याच्या हाताचा गुण संपला होता. त्या बाईचा मिक्सरही अजून त्याच्याकडेच पडून होता.

शुक्रवारी उर्वशीचा भरवसा उडालेलाच होता. घड्याळावर तिचं समाधान झालं नाही. तिनं दर तासाला बाबांनी उठून त्या दिवसाचा पेपर कॅमेऱ्यासमोर धरावा असं फर्मावलं. गुणवंतराव पळवून नेलेल्या माणसासारखे दर तासाला पेपर धरून उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, यांचा फोटो छापून आला. दोघांनी आत येऊन अभिनंदन केलं. शनिवारी दुपारपर्यंत पेपराच्या घड्या फाटल्या, आणि उर्वशीचा निरोप आला: 'पुरे, बाबा. बसा आता.' शनिवारी संध्याकाळी सात वाजले. चित्र गेलं नव्हतं.

रविवारी दुपारी उर्वशी आली. पिशवी ओट्यावर ठेवली, पाया पडली आणि घरात न जाता कॅमेऱ्याखाली जाऊन उभी राहिली. लहानपणी ती बाबांच्या सायकलवर वायरीचं बंडल मांडीवर घेऊन फॉल्ट शोधायला जात असे. ती सवय मोडली नव्हती. कॅमेऱ्यापासून वायरीवर नजर ठेवून ती चालायला लागली. न्हाणीची भिंत, मग मागचा कोपरा, मग मोटरीचा पाइप.

"मोटरीच्या वायरीसोबत नेली?"

"हाव."

"तुम्ही?"

"हाव."

तिनं मग सरळ रस्ता कुठला ते पाहिलं. न्हाणीपासून मधल्या खोलीच्या खिडकीपर्यंत, मध्ये मांडव. वेलाला पानांपेक्षा शेंगाच जास्त होत्या. ती मांडवाखाली गेली आणि बराच वेळ तिथे उभी राहिली. गुणवंतरावांनी कोरड्या जागेचं उत्तर तयार ठेवलं होतं. तिनं विचारलं नाही.

"टोपली कुठी आहे?" ती म्हणाली. "शेंगा जून होऊन राह्यल्या. तोडा लागते ना वेळेवर. आई असती तं रागावली असती."

त्या रात्री वालाच्या शेंगांची भाजी झाली. थोडी नाहीदकडे गेली, थोडी धनराजकडे. मंगळवारी उर्वशी निघाली, तेव्हा तिच्याजवळ एक तिकीट होतं, आणि पुढच्या वर्षीसाठी बी म्हणून वाळत ठेवायला सांगितलेल्या शेंगा मांडवावर तशाच होत्या. जाण्याआधी तिनं, काही झालं तर सावलीत कोणाला फोन लावायचा, त्या नावांची फोनमधली यादी छोटी केली. अकरा होती, एक ठेवलं, धनराजचं. तेही मेजरसाठी. मायनरसाठी कोणाला फोन करायचा नाही, हे गुणवंतरावांनी तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

दुपारी ते उन्हात खुर्चीवर बसले. सव्वाचारला मोटर सुरू झाल्याचा आवाज आला. त्यांनी फोन हातात घेतला. चित्र एक क्षण थबकलं असेल. गाडीत उर्वशीनं पाहिलंही असेल. फोन वाजला नाही. तो वाजू नये म्हणूनच एवढी खटपट केली होती. तरी गुणवंतराव जरा वेळ त्याच्याकडे पाहत राहिले.

कुंपणाशी खडखड झाली. धनराज बनियानवर आत आला, धापा टाकत.

"काय झालं?"

"काई नाई."

"उर्वशीचा फोन आला का?"

"नाई."

"मंग मी काऊन आलो?"

"बटण दाबलं का यायची सवय झाली तुले."

धनराजनं विचार केला. मग ओट्यावरची दुसरी खुर्ची ओढून उन्हात घेतली आणि बसला. गुणवंतराव चहा ठेवायला उठले. जाता जाता खिडकीतलं जुनं रजिस्टर काढून त्यांनी त्या दिवसाची नोंद केली.

मंगळवार. मायनर: दोनशे बारा. मेजर: नाही. धनराज: एक.